तारा तर काढून ठेवल्या होत्या

ये गं बाय, अशी जवळ ये. लांब उभी राहून हसतेस काय? तुझ्या आईनं फोनवर अर्धं ऐकलं, त्यातलं अर्धं तुला सांगितलं, आणि तू घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झालीस, ‘मावशीने नातीची गाडी पेटवली!’ वर ज्वाळांची चित्रं. शोभतं का तुला? गाडी पेटली नाही हो. गाडी ठणठणीत आहे. जळला तो डिकीतला सबवूफर, म्हणजे तो मोठा, धडधडणारा स्पीकर. आणि तो जळण्याचं मला एवढं नाही. त्याच्यामागं जे निघालं ते फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसलेय. तू समोर पाय दुमडून बसली आहेस असं धरून चालते. मध्ये बोलायचं नाही.

तर नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. तू तिला पाहिलीस तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. आता कॉलेजात जाते, लायसन्स काढलंय, आणि बापाची जुनी गाडी तिला मिळाली आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. ती मंडळी इथे आखातातच, पण रिफ्याला, आम्ही दोघं अजून नईमच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्येच. यांची नोकरी अजून चालू आहे, व्हिसा आहे, तोवर हलायचं नाही असं यांचं म्हणणं. रिफ्याहून नईम ते काय लांब? पण ही पोरगी महिनोन्महिने यायची नाही. सून येते, मुलगा येतो. ‘तिचा अभ्यास आहे हो आई,’ सून सांगायची, आणि सांगताना पदराशी, म्हणजे आता ओढणीशी, चाळा करायची. मी म्हणायचे, असू दे, शिकतेय ना. डबा भरून द्यायचे.

आणि एक दिवस तिचा स्वतःहून फोन. “आजी, तुझ्याकडे ते मीटर आहे ना?”

आता मीटर माझ्याकडे कसं, ते सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही इथे आलो तेव्हा मनामात शेअरिंगमध्ये राहायचो. शेअरिंग म्हणजे फ्लॅट एक, कुटुंबं दोन, स्वयंपाकघर एक, बाथरूम एक. दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडचे भाऊ उत्तरेकडचे, रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. तुझा मावसभाऊ तेव्हा तान्हा. एका दुपारी कुकरची शिट्टी झाली, लागोपाठ दुसरी झाली, त्या आवाजानं पोर उठलं आणि त्यानं जो सूर लावला! ते भाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. त्यांनी हात जोडले. बनियनवर, तांबारलेले डोळे, आणि जोडलेले हात. “भाभीजी, बस दो घंटा सोने दीजिए.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

त्या दिवसापासून मी कुकरपुढं उलथनं घेऊन उभी. शिट्टी वर उठायला लागली की उलथन्याच्या टोकानं हळूच धरायची, फुस्स करून वाफ जाते, आवाज होत नाही. जितक्या शिट्ट्या हव्यात तितक्या वेळा फुस्स झाली की गॅस बंद. मग दाराची बेल. ती मी मेन बंद करून उघडली, आतल्या धातूच्या वाटीवर औषधाची चिकटपट्टी लावली. टण् वाजायची ती टुक् वाजायला लागली. विजेच्या कामातलं माझं पहिलं काम म्हणजे हे, बेल मुकी करणं. पण आत काय आहे ते पाहिलं ना, मग गोडी लागली. यांच्या कंपनीच्या स्टोअरनं जुनी सामग्री काढली तेव्हा हे एक मल्टिमीटर घेऊन आले. दोन तारा, एक लाल एक काळी, आणि मधे चक्र. त्याच्यावर मी इस्त्र्या शिकले, मिक्सर शिकले. शाळा म्हणशील तर नववीपर्यंत. पण बिल्डिंगमधल्या बायका बिघडलेली वस्तू अजूनही आधी माझ्याकडे आणतात, मग दुकानात नेतात.

पुढं आम्हाला स्वतःचा फ्लॅट मिळाला. प्लायवूड गेलं. उलथनं राहिलं. बेलसुद्धा मी काढून सोबत आणली, पट्टीसकट.

तर नातीनं बापाच्या गाडीत अँप बसवून घेतला होता. अँप म्हणजे स्टिरिओकडून येणारा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा. तो तिनं डिकीत बसवला, शेजारी तो सबवूफर. पण आवाज फाटत होता. अँपच्या अंगावर एक बारकी चक्री असते, स्क्रूड्रायव्हरनं फिरवायची, तिला गेन म्हणतात. बसवणारे ती कानानंच लावतात, बऱ्याच ठिकाणी तसंच. नातीनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की मीटर लावून ती चक्री अचूक बसवता येते. आणि मीटर म्हटल्यावर तिला आजी आठवली. मला काय वाटलं तुला सांगू? शेजारणीची इस्त्री पोळपाटावर उघडी पडली होती, ती तशीच सोडून मी खुर्चीत बसून घेतलं.

“जमेल तुला?” तिनं विचारलं.

“न जमायला काय झालं?” मी म्हटलं. उभ्या जन्मात अँपला हात लावला नव्हता.

तिनं व्हिडिओ पाठवला. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला, कागदावर आकडे मांडले. पद्धत अशी आहे. आधी स्पीकरच्या तारा अँपपासून काढून ठेवायच्या, म्हणजे काहीही वाजणार नाही. चक्री शून्यावर. मग स्टिरिओचा आवाज चढवायचा, पुरता नाही, पाऊण. हिचा स्टिरिओ चाळीसपर्यंत जातो, म्हणजे तीसवर ठेवायचा. त्यावर एक सरळ घूं करणारा सूर लावायचा, तोही नेटवर मिळतो. मग अँपच्या तोंडाशी मीटर लावून चक्री हळूहळू उघडायची, आपला हिशेबाचा आकडा आला की थांबायचं. आकडा कसा काढायचा, तर स्पीकरचे वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. हिचे दोनशे आणि चार. आले अठ्ठावीस व्होल्ट आणि वर थोडं. वर्गमूळ मी हातानं काढलं. हे म्हणाले, “फोनमध्ये निघतं ते.” म्हटलं, “निघू दे. मला काढायचंय.”

शुक्रवारी सकाळी ती आली. आमच्या बिल्डिंगसमोर रेतीचा मोकळा प्लॉट आहे, तिथं सगळ्यांच्या गाड्या लागतात. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. हे टॉर्च घेऊन डिकीत उजेड पाडायला उभे. “यल्ला, चला इंजिनिअरबाई,” म्हणाले. नातीनं आपल्या हातानं स्पीकरच्या तारा सोडवल्या, उघड्या टोकांना टेप गुंडाळली. मी पाहत होते. नीट करत होती, माझ्यासारखीच जीभ दातांत धरून. तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला आणि ती बोलत बोलत भिंतीपाशी गेली.

मी पुढच्या सीटवर बसले. सूर लावला. आवाजाचं बटण फिरवायला लागले. पाच, सहा, सात, आठ. आणि माझा हात थांबला.

मी वर बिल्डिंगकडे पाहिलं. शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीची सकाळ, लोक उशिरा उठतात. दुसऱ्या मजल्यावर पडदे ओढलेले होते. म्हटलं, पुरे एवढं.

कशाला पुरे? कुणाला पुरे? काही वाजतच नव्हतं गं. पण तेव्हा मनात एवढासुद्धा प्रश्न उठला नाही. व्हिडिओतला तीस माझ्या कागदावर लिहिलेला होता, कागद माझ्या मांडीवर होता.

मग डिकीपाशी जाऊन मीटरच्या तारा टेकवल्या, चक्री फिरवायला घेतली. आकडा काही चढेना. फिरवते, फिरवते, चक्री जवळजवळ पुरी उघडली तेव्हा कुठं अठ्ठावीस आला. मी खूश. आकडा जुळला ना. पण तो आकडा आठवर जुळलेला. स्टिरिओकडून बोटभर येत होतं त्याचं मी हातभर करून ठेवलं होतं. उद्या कुणी पुढं तीसवर नेलं की त्याचं किती होणार, हा हिशेब माझ्या वर्गमुळात नव्हता.

नातीनं तारा परत जोडल्या, गाणं लावलं. नुसत्या पाचावर गाडीच्या काचा थरथरल्या. “ओ माय गॉड, आजी!” तिला वाटलं, पाचावर एवढा आवाज म्हणजे काय जादू केलीय. मलाही तसंच वाटलं, खोटं का सांगू. तिनं मला मिठी मारली. मग मैत्रिणींना बोलून निरोप पाठवला, त्यातलं ‘माय आजी’ एवढंच मला उमगलं आणि तेवढं पुरलं. मी लगेच म्हटलं, “आता बंद कर गं, लोक झोपलेत.” तिनं केलं. त्या दिवशी ती वर आली, आंबोळ्या खाल्ल्या, बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, पुढच्या पिकनिकला तिचा आणि मैत्रिणींचा नाच आहे, गाणं तिच्याच गाडीवर लावणार आहेत, तू यायचंच.

इथे थंडीत लोक वाळवंटात तंबू टाकतात, तुला माहीत नसेल. साखीरच्या बाजूला नुसती रेती, आणि तिच्यावर शेकडो तंबू. आपली मराठी मंडळीही एक दिवसासाठी तंबू घेतात. पुरुष भजी तळतात आणि त्याचं कौतुक करून घेतात, बायका डबे उघडतात. आमचा तंबू जरा लांबच होता, सगळ्या तंबूंपासून बाजूला. पुढं रेती, मागं रेती, आणि दूर विजेचे खांब.

नातीनं गाडी उलटी लावून डिकी उघडली. मंडळी गोल करून बसली. पाच पोरी ओढण्या खोचून उभ्या. आणि ही माझी बाय काय म्हणाली, तेही मराठीत, सगळ्यांसमोर, “हे माझ्या आजीनं सेट केलंय. मीटर लावून.” टाळ्या पडल्या. रत्नागिरीकडच्या एक भाभी आहेत, त्यांचे यजमान मनामात व्यापारी, त्या ओरडल्या, “अगो आजी, आमच्या गाडीचा पण बगा!” मी खुर्चीत टेकून बसले होते ती ताठ झाले.

गाणं सुरू झालं आणि पाचावरच तो सबवूफर छातीत धडकला.

मी उठलेच. माझी मी उठले नाही, कुणीतरी मागून ढकलल्यासारखी उठले आणि गाडीकडे धावले, दोन्ही हात खाली दाबत, “अगं हळू! हळू लाव! लोक काय म्हणतील!”

नात मागं वळली. तिनं आजूबाजूला पाहिलं. रेतीकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं. “कुठले लोक, आजी?”

सगळे हसले. मीही हसले. आणि मला चिडवायला म्हणून तिनं मैत्रिणीला खूण केली, ती पुढं बसली होती, तिनं बटण एकदम चढवलं. कुठवर नेलं कोण जाणे. सबवूफर आधी भडभडला, उलटी होताना माणूस करतं तसा. मग करपट वास आला. आणि मग बासच नाही. पुढच्या छोट्या स्पीकरमधून गाणं चालू, पण चिरकं, डास गुणगुणल्यासारखं. पोरींचे हात वरच्या वर राहिले.

“खलास,” कुणीतरी म्हणालं.

भाभी नाक वर करून हुंगत म्हणाल्या, “आजी, गाडीला फोडनी दिलीस की काय? मोहरी करपली गो!”

मंडळी अशी हसली म्हणून सांगू. मायेनंच हसली, कुणाच्या मनात काही नव्हतं. एकानं फोनवर गाणं लावून मोठ्या पातेल्यात फोन ठेवला, म्हणजे आवाज घुमतो, आणि पोरींनी त्याच्यावर नाच केला. नातही हसत नाचली. पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. आमच्याकडे सगळ्यांचे होतात. माझेही झाले असणार. मी भजी परतायला गेले, पुरुषांनी हाकललं, मग तशीच तंबूच्या मागं जाऊन डबे पुसत राहिले. पुसलेले परत पुसले.

परत येताना तीच आम्हाला सोडायला आली. हे मागं बसले आणि लगेच झोपले. अर्धा रस्ता झाला. मग म्हणाली, “आजी, तू व्हॉल्यूम कितीवर ठेवला होतास?”

“आठ.”

“आठ? तीस होतं ना?”

“हो. पण आठवरच पुष्कळ होतं.”

“काय पुष्कळ होतं?”

“आवाज. सकाळची वेळ, लोक झोपलेले...”

“आजी.” तिनं गाडी हळू केली. “आवाज नव्हताच. मी तारा काढल्या होत्या.”

ती हसायला लागली, मला वाटलं, आता ही गंमत रिफ्यात, ग्रुपवर, सगळीकडे जाणार. आणि हसता हसता तिचं हसू उतरलं. मग ती जे बोलली ते सगळं मराठीत बोलली. ही मुलगी मराठीत दोन वाक्यांपुढं जात नाही. म्हणजे हे तिच्याजवळ केव्हापासून तयार होतं, बघ.

“तुझ्या घरी मी लिफ्टमध्येच फोन सायलेंट करते. कप ठेवला की तू श्श करतेस. खुर्ची सरकवली की श्श. मग मला बोलायलाच काही सुचत नाही. लहान होते तेव्हा मी हसले की तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस. आठवतं?”

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. पण माझा तळहात मांडीवर होता, त्याला तिच्या ओल्या तोंडाची, पडलेल्या दातांच्या जागेची ओळख पटली. मी तो दुसऱ्या हाताखाली झाकला. जसं काही तिला दिसणार होतं.

म्हणजे अभ्यास नव्हता. ओढणीशी चाळा करणाऱ्या माझ्या सुनेला ते ठाऊक होतं, मुलाला ठाऊक होतं, डबा घेऊन जाताना दोघं ते माझ्यापासून जपून नेत होती.

बिल्डिंग आली. मी उतरले. दार लावलं ते असं लावलं की लागलंच नाही. तिला पुन्हा उतरून ते ओढून लावावं लागलं.

त्यानंतर ती आली नाही, तिचा फोनही नाही. हे म्हणायचे, “तू कर ना फोन. सांग सरळ.”

“काय सांगू? घाबरले होते म्हणून?”

“कुणाला?”

हाच तर प्रश्न. ते पलीकडचे भाऊ केव्हाच आपल्या देशी गेले. जिवंत आहेत की नाहीत कोण जाणे. त्या बिचाऱ्यांनी दोन तासांची झोप मागितली होती. मी त्यांना सबंध संसार दिला, त्यांना न विचारता. वर माझ्या लेकाचं लहानपण दिलं, नातीचं हसणं दिलं. आणि हे सगळं करताना मला काय वाटायचं माहीत आहे? की मी फार समजूतदार बाई आहे. बिल्डिंगमध्ये आमच्या घराचं नाव आहे, ‘कधी आवाज नाही हो त्यांचा.’ ते ऐकून मी फुलायचे. ते आठवलं की आता कान गरम होतात.

मग एका शनिवारी, दुपारची, खाली हॉर्न वाजला. लांबलचक. मी खिडकीकडे धावले, आणि खिडकीशी पोचले तेव्हा माझं बोट ओठांवर होतं. कुणी ठेवलं ते? मी नाही ठेवलं. खाली नात गाडीच्या टपावर कोपर टेकून वर पाहत होती. तिनं ते बोट पाहिलं. मी हात खाली घेतला, पदराला पुसला. तिनं डिकी उघडून दाखवली. तसाच नवा सबवूफर.

“मीटर घेऊन ये,” तिनं खालून ओरडून सांगितलं.

मी चपला उलट्यासुलट्या घालून गेले.

तिनं तारा काढल्या. काढलेल्या तारा माझ्या डोळ्यांसमोर धरल्या, दोन्ही, मुलाला खाऊ दाखवतात तशा. “बघितलंस? आता बस पुढे. तू फिरवायचं. तीसवर.”

बसले. सूर लावला. सहा, सात, आठ. आठावर हात अडला, पण मी रेटला. बारावर पुन्हा अडला. तुला हसू येईल, येऊ दे बापडं, पण मला घाम फुटला. गाडीत चिट् नाही. एसीचा सूं एवढाच. माझ्या कानाला ते कळत होतं आणि मनगटाला कळत नव्हतं. मनगटाला वाटत होतं, प्लायवूडच्या पलीकडे कुणीतरी कुशीवर वळतंय. ती खिडकीतून वाकून पाहत होती. मदत केली नाही, घाईही केली नाही. मी डोळे मिटले आणि बटण फिरवलं. “बस, बस, आजी, तेहतीस झाले,” ती म्हणाली, तेव्हा उघडले. मग तीनानं मागं घेतलं.

डिकीपाशी गेले तर चक्री जेमतेम पाव फिरवली आणि मीटरवर अठ्ठावीस. इतकं सोपं होतं ते.

तिनं तारा जोडल्या, गाणं लावलं, तीसच्या थोडं अलीकडे ठेवलं. आवाज मोठा होता, गं, पण फाटत नव्हता, गोल होता. आणि मी काय केलं असेल? गाण्याकडे लक्षच नाही, मी बिल्डिंगच्या खिडक्या मोजत उभी. आता ती उघडेल. आता ती. दुसऱ्या मजल्यावरची ओरडेल. कोपऱ्यावरून करकवाला, इथे कडक दुधाच्या चहाला करक म्हणतात, चार कागदी कप हातात घेऊन गेला, त्यानं मान वळवली नाही. वरच्या गॅलरीत एका बाईनं वाळलेले कपडे काढले, झटकले, आत गेली. संपलं.

कुणी पाहिलंसुद्धा नाही. कुणी कधी ऐकतच नव्हतं. हात जोडून कुणी समोर आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी वाईट बाई आहे.

“नाइस ना?” नातीनं विचारलं.

“छान,” मी म्हटलं. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन, कारण मला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं, म्हटलं, “मी तुझ्या तोंडावर हात ठेवायला नको होता.”

तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. एवढ्या आवाजात कुठं ऐकू येणार? मान हलवत होती, पण ती गाण्यावरही हलत असेल. आवाज कमी करून पुन्हा म्हणायचं धैर्य मला झालं नाही. कमी कर असं तर मी त्या दिवशी मेले तरी म्हटलं नसतं.

“वर येतेस? आंबोळ्या टाकते.”

“नेक्स्ट टाइम, आजी. प्रॉमिस.” आणि गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत ते धडधडणं ऐकू येत होतं. हे गॅलरीत उभे होते. वर गेल्यावर म्हणाले, “आता मफी आवाज.” म्हणजे आता काही आवाज नाही. मी म्हटलं, “माझी नक्कल करू नका.” म्हणाले, “नक्कल नाही गं. खरंच शांत झालं.”

तर अशी गोष्ट आहे. यात ज्वाळा कुठं आहेत, सांग.

उलथनं मी आता कुकरपासून लांब, खालच्या कप्प्यात ठेवलंय. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा हे पेपर टाकून उठले, वाटलं काही फुटलं. माझा हात अजून जातो. मग मी तो ओट्याखाली धरून ठेवते, दुसऱ्या हातानं. बेल उघडून वाटीवरची पट्टी काढली. चिकटा एवढा बसला होता की थिनर लावून घासावा लागला. आता खणखणीत वाजते. वाजते म्हणजे मीच बाहेर जाऊन वाजवून पाहिली, हे आतून म्हणाले, “कोण आहे?” म्हटलं, “मीच.”

नात येते. खाली येते, हॉर्न देते, मला गाडीत घालून फिरवून आणते, आणि दारात सोडते. वर येत नाही. विचारलं की नेक्स्ट टाइम. मी तिला काही म्हणत नाही. लिफ्टमध्ये अजून तिचा हात फोनच्या बटणाकडे जात असेल, जसा माझा उलथन्याकडे जातो.

म्हणून तुला म्हणते, तू ये. हसलीस त्याची भरपाई म्हणून ये. व्हिसाचं हे बघतील. विमानतळावर तुला घ्यायला तीच येणार, मी सांगून ठेवलंय. आणि तुझ्या बॅगा काय असतात ते मला माहीत आहे, पापड, कोकमं, दगडासारख्या जड. आम्हा दोघांना त्या उचलवत नाहीत. तिलाच वर आणाव्या लागतील. दारापाशी आलात की बेल तू वाजवू नकोस हं, तिला वाजवू दे. मी आत आंबोळ्यांचं पीठ घेऊन उभी असेन. ये गं, लवकर ये.